शेपटी सोडून लाइफ जॅकेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की ज्यात गेले त्या जिब्राल्टरच्या विमान अपघातावर पानभर मजकूर आहे, पण ‘एलिव्हेटर’ (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप) हा शब्द त्यात एकदाही नाही. एकटे वाचलेले वैमानिक पर्खाल यांच्या लाइफ जॅकेटला मात्र दोन रकाने!

जॅकेट घातलं नव्हतं असं ते म्हणाले आणि समुद्रातून काढलं तेव्हा ते अंगात होतं, हे खरं. विसंगती आहे, नोंदवावीच. पण जॅकेट बुडण्यापासून वाचवतं, आपटण्यापासून नाही. चार इंजिनांचं लिबरेटर अंधारात मुद्दाम पाण्यावर आदळून आपण तेवढे तरंगत बाहेर येऊ, असा हिशेब कोणता वैमानिक मांडेल?

४ जुलै १९४३च्या रात्री विमान जेमतेम दीडशे फूट चढलं. वेग धरायला पर्खाल यांनी नियंत्रणाचा दांडा किंचित पुढे ढकलला, तो परत मागे येईना. दांडा मागे येत नाही म्हणजे शेपटीची आडवी झडप वळत नाही, नाक उचलत नाही. उड्डाणापासून पाण्यापर्यंत सगळं मिळून १६ सेकंद. जमिनीवर झडपा बांधून ठेवणारं लॉक काढायचं राहिलं असतं, तर विमान धावपट्टीवरून उठलंच नसतं. म्हणजे अडकलं ते हवेत. पाहायचं ते दांड्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या तारा, कप्प्या आणि त्यांच्या आसपास घसरणारं सामान. विमानातून पडलेली टपालाची थैली धावपट्टीवर सापडली होती. लेखात तिचा पत्ता नाही.

ब्रिटिश चौकशी मंडळानं सांगितलं की एलिव्हेटर अडकला, कशानं ते कळत नाही, पण घातपात नव्हे. कारण माहीत नाही, तरी अमुक कारण नाही हे मात्र पक्कं! बोट ठेवायचं ते इथे.

२००८ साली क्राकोच्या वावेल किल्ल्यातली सिकोर्स्कींची कबर उघडली, जखमा अपघाताच्याच निघाल्या, ‘आणि प्रश्न मिटला’ असं लेखक म्हणतात. गोळी-सुऱ्याचा मिटला. शेपटीत कुणी पाचर मारली असती तरी अंगावर जखमा त्याच झाल्या असत्या. म्हणूनच २०१३ साली तपास बंद करताना पोलंडच्या तपासयंत्रणेला विमानातला घातपात ना सिद्ध करता आला, ना फेटाळता.

जाता जाता, छापलेलं चित्र डाकोटा या दोन इंजिनांच्या विमानाचं आहे. लिबरेटरला चार इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख आणि नाकाखाली चाक असतं. मोजायला अर्धा मिनिट पुरतो.

आणि ज्या सरकारचे सिकोर्स्की पंतप्रधान होते, त्याच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात होती. कोल्हापूर आवृत्तीत तरी तिला एक ओळ द्यायची होती.

— एक वाचक, करवीर