उंची नको, नाक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘लहान फ्लॅटमध्ये पाळण्याजोगे कुत्रे’ असा मजकूर आला होता. पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पॉमेरेनियन, सगळे एकाच रांगेत. जागा कमी लागते, फिरवायचं कमी, पोरांशी जमतं. खोटं काहीच नाही, पण ते नागपुरात बसून लिहिलेलं वाटत नाही. मी इथल्या महाल भागात बावीस वर्षं कूलर दुरुस्त करतो आणि सहा वर्षांपासून माझ्या घरी पग आहे, म्हणून हे पत्र.

मुलगी चौथीत पास झाली की कुत्रा आणायचा, असा शब्द दिला होता. म्हणजे नेमका एप्रिलचा शेवट. विकणारा म्हणाला, “कूलरमध्ये मस्त राहते, भाऊ.” कूलरला आमच्याकडे काय तोटा! पिल्लू ३५ दिवसांचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे, हे फार उशिरा कळलं. दिसायला गोलमटोल, म्हणून नाव पडलं ढेमस्या.

पुढच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, दुपारी दोनला लाईट गेली. मी गिऱ्हाइकाकडे होतो, बायकोचा फोन आला. घरी पोचलो तर ढेमस्या फरशीवर चारही पाय ताणून पडलेला, जीभ जांभळी, तोंडातून चिकट लाळेची तार, घशातून करवतीसारखा आवाज. बायकोनं ओल्या पंच्यात गच्च गुंडाळून ठेवलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “आधी तो पंचा काढा. पोटावर, मांड्यांच्या आत साधं पाणी टाकत राहा आणि वारा घाला. मग घेऊन या.” त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. पंखा बंद असताना कूलरच्या बाजूची गवताची ताटी नुसती भिजवून खोली गार होत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि वारा घालत बसलो. दवाखान्यात ताप भरला १०६. कुत्र्याचा असतो १०१ ते १०२.५. सलाईनवर वाचला.

डॉक्टरांनी समजावलं ते मला माझ्या धंद्याच्या भाषेत लगेच कळलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडतं, त्याबरोबर उष्णता जाते. म्हणजे नाक हीच त्याची ताटी. पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू मात्र लांब, तो आत अडतो. हातभर ताटी हवी तिथे वीतभर. शिह त्झूचंही थोडंफार तसंच.

आणि कूलरचं म्हणाल, तर दहातली सात बोलावणी “मिस्त्री, कूलर गार नाही करत” अशी असतात आणि बिघाड खिडकीत निघतो. सगळं बंद करून कूलर लावतात, खोली दमट होते, पाणी उडायला जागा उरत नाही. ताटीचं उडत नाही तसं कुत्र्याच्या जिभेवरचंही उडत नाही. म्हणून आमच्याकडे मेपेक्षा जूनची भीती जास्त. पहिला पाऊस पडला की लोक सुस्कारा टाकतात आणि ढेमस्याची घरघर वाढते. शेवटी कूलर मिस्त्रीच्या घरी एसी लागला. गल्ली अजून हसते.

बाकी निगा अवघड नाही, पण रोजची आहे. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री नऊनंतर फिरवायचं. गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस. तोंडावरच्या घड्या पुसून कोरड्या ठेवायच्या, नाहीतर वास मारतो. आणि वजन! डॉक्टर आठ किलो म्हणतात. आईच्या हातच्या पोळ्या आणि संत्रा बर्फी खाऊन हा अकरावर गेला होता. तो उतरवताना कुत्र्यापेक्षा आईला समजावणं कठीण गेलं.

लहानच कुत्रा हवा असेल तर आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकतात तो पांढरा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्याचं नाक लांब, इथला उन्हाळा पगपेक्षा बरा काढतो. फक्त उन्हाळा आला म्हणून त्याचे केस कातडीपर्यंत भादरू नका. माझ्या दुकानापुढे एक गावठी कुत्री ४५-४६ डिग्रीतही टाकीच्या गळक्या नळाखाली ओली जमीन उकरून निवांत पडते. तिचं नाक बघावं एकदा.

आपण पुन्हा असा मजकूर छापाल तेव्हा उंची-वजनाबरोबर नाकाचंही लिहा. आणि निकालाच्या दिवसांत नको, दिवाळीनंतर छापा.

मुलगी आता दहावीत आहे. ढेमस्याचं घोरणं तिला लहानपणी गोड वाटायचं, व्हिडिओ काढायची. आता तीच मागे लागली आहे, म्हणून नाकपुड्या मोठ्या करायच्या ऑपरेशनचं विचारायला सोमवारी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जातो आहे. सकाळी सातलाच निघणार, ऊन व्हायच्या आत.

आपला,
एक कूलर मिस्त्री, महाल, नागपूर