टाइनच्या पुलावरून समुद्रापर्यंत

न्यूकॅसल,
१२ सप्टेंबर २०१८

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांचा पहिलाच प्रश्न, "कितवी आलीस?" मी तेव्हा शर्यत जिथं संपते त्या साउथ शील्ड्सला मेट्रोच्या लांबलचक रांगेत उभी होते, गोंगाटात धड काही ऐकू येत नव्हतं. आज सुट्टी आहे म्हणून निवांत लिहिते. आईचा हरतालिकेचा उपास असेल, तिलाही वाचून दाखवा.

नंबराचं आधी सांगते. ग्रेट नॉर्थ रनमध्ये, म्हणजे न्यूकॅसल ते साउथ शील्ड्स या २१.१ किलोमीटरच्या शर्यतीत, चाळीस हजारांहून जास्त माणसं पळतात. पुरुषांत ब्रिटनचा धावपटू मो फराह पहिला आला, ५९ मिनिटं २७ सेकंद. इथं तो सलग पाचव्यांदा जिंकला. त्याची शर्यत संपली तेव्हा मी नुकतीच पुलापलीकडे गेट्सहेडला पोचले होते, कारण आमच्या घोळक्याला सुरुवातीची रेषा ओलांडायलाच चाळीस मिनिटं लागली. माझ्या पुढे कित्येक हजार होते आणि मागे त्याहूनही जास्त. त्यामुळे बाबा, नंबर विचारू नका, वेळ विचारा. २ तास ८ मिनिटं ४ सेकंद.

ही वेळ माझी एकटीची. छातीवरच्या नंबराच्या कागदाला मागून एक चिप चिकटवलेली असते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून आपण गेलो की आपलं घड्याळ सुरू होतं, आणि शेवटच्या पट्टीवर बंद. मध्ये दर पाच किलोमीटरला नोंद होते. तेच आकडे आता समोर घेऊन बसले आहे.

पहिले ५ किलोमीटर: ३२ मिनिटं १० सेकंद.
दुसरे: ३० मिनिटं २० सेकंद.
तिसरे: २९ मिनिटं ४० सेकंद.
उरलेले सहा आणि वर थोडं: ३५ मिनिटं ५४ सेकंद.

मी ठरवलं होतं २ तास १० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद. पहिल्या पाचातच एक मिनिट वीस सेकंद मागे पडले, आणि तिथंच सगळा कस लागला. सुरुवात शहरातल्या मोटारवेवर होते. रस्ता चांगला रुंद, पण माणसं इतकी की समोरच्याच्या टाचेवर पाय पडेल. वेगानुसार रंगांचे गट पाडलेले असतात, तरी प्रत्येक गटात कुणी चालतं, कुणी हातात हात घालून चौघं ओळीनं जातं. आजूबाजूचे बरेच जण फटी शोधत डावी-उजवीकडे उसळ्या मारत होते. मी नाही मारल्या. आमच्या वॉर्डातली एक मैत्रीण दरवर्षी पळते, तिनं बजावलं होतं की नागमोडी पळालं की अंतर वाढतं, आणि सारखं थांबून-सुटून मांड्या आधीच भरून येतात. तरी माझ्या घड्याळानं शेवटी २१.४ किलोमीटर दाखवलं, शर्यत २१.१ ची असताना. गर्दीत अगदी सरळ जाताच येत नाही. म्हणून घड्याळातला वेग बघणं सोडलं आणि रस्त्याकडेच्या मैलांच्या पाट्यांवर हिशेब ठेवला.

बोगद्यासारख्या रस्त्यांतून जाताना सगळे एकदम ओरडतात, "ओगी ओगी ओगी!" आणि हजारो गळे उत्तर देतात, "ऑय ऑय ऑय!" काँक्रीटमध्ये तो आवाज असा घुमतो की छातीत जाणवतो. मग टाइन नदीचा पूल. १९२८ साली खुला झालेली ती मोठी कमान मी ड्यूटीला जाताना बसमधून रोज बघते. रविवारी तिच्याखालून पायी गेले तेव्हा खरंच भरून आलं. पुढे नजर जाईल तिथपर्यंत रंगीत डोकी वरखाली होत होती.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. ही शर्यत ब्रेंडन फॉस्टर यांनी सुरू केली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ मिळवलेला हा इथलाच, हेबर्नचा माणूस. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला गावच्या गाव पळताना त्यांनी पाहिलं आणि आपल्या भागातही असं काही व्हावं हे मनात घेतलं. पहिली शर्यत १९८१ च्या जूनमध्ये झाली. २०१४ मध्ये शर्यत पूर्ण करणारा दहा लाखावा माणूस इथं पोचला. खाणी आणि गोद्या बंद पडत गेलेल्या या भागाला आपल्या नावाची अशी एक गोष्ट मिळाली, म्हणून दर सप्टेंबरात सगळं गाव रस्त्यावर येतं. कुणी घरातून ताटलीत संत्र्याच्या फोडी घेऊन, कुणी जेली बेबीज नावाच्या गोळ्या घेऊन. एक आजी फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येकाच्या छातीवरचं नाव वाचून हाक मारत होत्या. माझं नाव त्यांना जमेना, तरी दोनदा प्रयत्न केला आणि टाळ्या वाजवल्या.

दहा किलोमीटरनंतर रस्ता मोकळा झाला आणि माझ्या लक्षात आलं, पायांत दम शिल्लक आहे. गर्दीनं सुरुवातीला मला रोखून धरलं होतं, म्हणूनच तो उरला होता. मोकळ्या रस्त्यावर मी पहिल्याच किलोमीटरला सुसाट सुटले असते आणि तिसऱ्या टप्प्यात बसले असते, हे मला पक्कं माहीत आहे. यावेळी उलटं झालं. पंधरा किलोमीटरला मी ठरवल्यापेक्षा वीस सेकंद पुढे होते, आणि तिथून पुढे सतत कुणाला ना कुणाला मागे टाकत गेले.

मग जॉन रीड रोडचा चढ. आपल्या यवतेश्वरच्या घाटापुढे तो काहीच नाही, पण लांबच लांब आहे, आणि सोळा-सतरा किलोमीटर झाल्यावर अंगावर येतो. माझ्यापुढे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. कॅन्सरसाठी निधी गोळा करणाऱ्यांचा बनियन, पाठीवर आईचा फोटो पिनांनी लावलेला, घामानं एक कोपरा सुटून फडफडत होता. ते चालायला लागले. बाजूला आलेल्या एका मुलीनं पळता पळता तो कोपरा परत पिनेत अडकवून दिला, खांद्यावर थोपटलं आणि पुढे गेली. ते पुन्हा पळू लागले. मी चढभर त्यांच्या मागेच राहिले. बाबा, अजिंक्यताऱ्यावर तुम्ही सांगायचात, "चढाला पाऊल आखूड, नजर दहा पावलांवर, हात खाली." तसंच केलं, अगदी शब्दशः.

वर पोचल्यावर रस्ता एकदम खाली कोसळतो आणि समोर समुद्र. शेवटचा मैल किनाऱ्यालगत, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. संपता संपत नाही तो मैल! पण मी कुठेही चालले नाही. एवढं मोठं अंतर मी पहिल्यांदाच न थांबता पळाले आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढच्या वर्षी नाव नोंदवताना ही वेळ लिहिता येईल, म्हणजे कदाचित पुढच्या रंगात उभं करतील. तिथंही सुरुवातीचे किलोमीटर असेच धीरानं काढायचे, हे आत्ताच ठरवलंय. दादानं सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे त्याचे टप्प्यांचे आकडे पाठवावेत. नुसती शेवटची वेळ नको, चढाची आणि उताराची वेगवेगळी हवी.

मांड्या अजून दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. बाकी ठीक. उद्या गणपती बसले की लगेच व्हिडिओ कॉल करा, माझी ड्यूटी दुपारची आहे. आई, मोदकांची उकड यंदा मीही काढणार आहे. तांदळाची पिठी मिळाली.

तुमची,
धाकटी