मे महिन्याची हजेरी

नागपूर,
९ जून

प्रिय मित्रा,

मृग लागला, पण पावसाचा पत्ता नाही. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून लिहायला बसलोय. नोकरी का सोडली हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तीनदा "सांगतो सावकाश" म्हणून टाळलं. बोलताना मी स्वतःला हिरो करून सांगतो, बारा वर्षं प्रेझेंटेशन करून ही खोड लागली आहे. कागदावर खोटं लिहिताना निदान हात अडतो. (हेही खरं नाही. पुढं वाच.)

आधी जुनी थकबाकी. २०१२ साली एमएसडब्ल्यूचा, म्हणजे आपल्या समाजकार्याच्या पदवीचा, निकाल लागला आणि तू बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलास. त्या दिवशी तर्रीपोहे खाताना मी चारचौघांत "विकला गेला बे तू" म्हणालो होतो. तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्या पोह्यांचे पैसे मात्र तूच दिलेस, कारण माझ्या खिशात नव्हते. नंतर कितीतरी वर्षं हा प्रसंग मी नव्या पोरांना माझ्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगायचो. पोह्यांच्या पैशाचा भाग गाळून.

आपली सोमनाथची, बाबा आमट्यांच्या प्रकल्पावरची श्रमछावणी आठवते? मे महिन्यात, भर उन्हात कुदळ-घमेली. संध्याकाळी तळहातावरचे फोड एकमेकांना पदकासारखे दाखवत होतो. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं केलं, त्याच्या गोष्टी ऐकता ऐकता मला वाटलं होतं की ऊन अंगावर घेतलं की माणूस आपोआप मोठा होतो. आठ दिवसांनी आपण घरी गेलो, आईनं पन्हं दिलं.

आता या नोकरीतलं ऊन सांगतो.

संस्थेचं नाव लिहीत नाही, तुला ठाऊकच आहे. पहिली काही वर्षं बरी गेली. एका मोठ्या संस्थेला परदेशातून निधी यायचा आणि त्यातला थोडा आमच्याकडे. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा बदलला. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर. आमच्यासारख्या लहान संस्थेचा नळच बंद झाला. मग उरले कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीचे पैसे. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. २०१४ ला हे लागू झालं तेव्हा आम्ही ऑफिसात संत्रा बर्फी वाटली होती. हे पैसे ३१ मार्चच्या तोंडावर कसे धावत येतात, ते तेव्हा कळलं नव्हतं.

असेच एका मार्चमध्ये आमच्याकडे चाळीस शिलाई मशिनी आल्या. उत्तर नागपुरातली वस्ती, टिनाच्या छपराची भाड्याची खोली, प्रत्येक मशीनवर कंपनीचा स्टिकर. बायकांना हवं होतं पिको-फॉल, कारण गल्लीत पैसा त्याचाच मिळतो. पण पिकोची मशीन वेगळी येते आणि ती मंजूर यादीत नव्हती. यादीत पंखाही नव्हता. प्रस्ताव मंजूर करणारी मंडळी जानेवारीत येऊन गेली होती, आणि जानेवारीत नागपूर कसं असतं ते तुला सांगायला नको. स्वेटर घालून फोटो काढले त्यांनी.

एप्रिलच्या मध्यापर्यंत बायका आल्या. मग मशीनचं चाक हाताला चटका देऊ लागलं. एकीनं त्याला ओलं फडकं गुंडाळलं, तर ते कापड शिवेपर्यंत वाळून जायचं. खोलीत दुपारी पोर झोपवता येईना. पारा पंचेचाळीसवर गेला आणि येणं बंद झालं. मी दोन कूलरसाठी मेल केली. उत्तर आलं, मंजूर शीर्षाबाहेर खर्च करता येणार नाही, आणि सोबत, पुढचा हप्ता सोडण्यासाठी मे अखेरपर्यंतची हजेरी तातडीनं पाठवा.

मित्रा, हजेरी मी केली. कोणी सांगितलं नव्हतं. हप्ता थांबला असता तर सहा जणांचं मानधन थांबलं असतं, त्यात माझंही. बायकांना एका संध्याकाळी बोलावलं, सरबत पाजलं आणि दीड महिन्याच्या सह्या एका बैठकीत घेतल्या. निळं पेन, काळं पेन, मध्येच वाकडी सही, एखाद्या दिवशी तिघी गैरहजर. मी इतकं नीट केलं की पुढं आलेल्या ऑडिटरनं वहीचं कौतुक केलं. एक नवी सून होती, काखेत पोर. तिनं सगळ्या सह्या केल्या, पेन परत दिलं आणि अगदी सरळ विचारलं, "सर, मंग मी मे महिन्यात आली होती का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घरी सासू विचारेल तर काय सांगायचं, एवढाच तिचा प्रश्न. मी "हो" म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहिलं तर छान वाटेल. लागली. थकलो होतो. दसऱ्यापर्यंत मला काहीच झालं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा या वस्तीत कसा जपतात ते तू पाहिलेलं नाहीस. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, रेल्वेनं, ट्रकनं, डोक्यावर गाठोडं घेऊन, आणि जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. त्या लोकांसाठी आमच्याच वस्तीतल्या बायका रस्त्यावर मसालेभाताचा स्टॉल लावतात. घरटी पन्नास रुपये. मी सहज म्हणून गेलो होतो. पहाटे चारला चूल पेटलेली, कोण कांदा चिरणार, कोण पाण्याचे ड्रम बघणार, कोणाची पोरं कोण सांभाळणार, सगळं ठरलेलं. मेमध्ये जिची हजेरी मी लावली ती सून वाढत होती. हिशेब आमच्या मावशींकडे, शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर. नाव, रक्कम, बाकी. तेल किती, तांदूळ किती, उरलं किती. गेल्या सात-आठ वर्षांचा हिशेब त्याच वहीत होता आणि एकही पान खोटं नव्हतं.

या वस्तीचा प्रस्ताव मीच लिहिला होता. त्यात "समुदायामध्ये संघटन व नियोजन क्षमतेचा अभाव" असं वाक्य आहे. टाइप करताना मी चहा पीत होतो, मला आठवतं.

मावशींबद्दल थोडं. त्या आमच्या वस्ती कार्यकर्त्या, महिना साडेचार हजार मानधन. त्यांचे सासरे टाटांच्या १८७७ सालच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. एकदा मानधनाच्या रजिस्टरवर सही करताना म्हणाल्या, "मिलमंधी पगार भेटे जी. मानधन काहून म्हणता तुमी?" मी काहीतरी सेवाभाव वगैरे बोललो. मग २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला. मावशींच्या शेजारीण सेविका आहेत, त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मावशी पेपरातलं कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या. ते मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

दसऱ्यानंतर ते काढलं आणि बैठकीत विषय मांडला. निदान किमान वेतनाच्या जवळ तरी जाऊ, म्हणालो. संस्थेचे प्रमुख, आमचे साहेब, शांतपणे म्हणाले, "आपण चळवळ आहोत, कारखाना नाही." मला राग यायला हवा होता, पण लाज वाटली. हेच वाक्य मी स्वतः किती पोरांना ऐकवलंय, कोण जाणे. आणि खरं सांगायचं तर साहेब काही बदमाश नाहीत. त्यांनी तीस वर्षं स्कूटरवर काढली, स्वतःचं घर नाही. तीच तर पंचाईत. त्यांनी स्वतःचं सोडलं, म्हणून इतरांचं सोडणं त्यांना गृहीतच वाटतं. मलाही वाटायचं. पोह्यांच्या टपरीवर तुझ्याकडून मी तेच मागत होतो ना!

हजेरीचं त्यांना सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "यापुढे नको." एवढंच. मार्चअखेर राजीनामा दिला. कंपनीला कळवायला हवं होतं असं तू म्हणशील. मसुदा तयार आहे, पाठवलेला नाही. त्या सहा जणांचं काय होईल, इथं येऊन अडतो. तू कर्जाच्या फायली बघतोस, तुला अशा वेळी काय करायचं ते बहुधा माहीत असेल. खरंच विचारतोय.

सध्या दोन लहान संस्थांचे हिशेब लिहितो, पैसे तू हसशील एवढे. मावशींनी नोकरी सोडून तीन घरचा स्वयंपाक धरला, महिना नऊ हजार आणि रविवारी सुट्टी. खोलीवरचं भाडं संपलं तेव्हा मशिनी बायकांनी वाटून घेतल्या. काही घरात चालतात, दोन विकल्या गेल्या आणि त्या पैशातून एक जुनी पिकोची आली. कोणत्याही अहवालात हे नाही. शनिवारी मी तिकडे जातो. माझी लाज ओसरेपर्यंत जाईन म्हटलं होतं, आता सवय झाली आहे.

तू दसऱ्याला ये. सुट्टी आतापासून टाक. मागच्या शनिवारी मी मावशींच्या वहीत तुझं नाव लिहून घेतलं, पुढं बाकी पन्नास रुपये. पोह्यांचे धरून मीच भरणार होतो. मावशींनी नोट परत केली. म्हणाल्या, "ज्याचे त्यानंच द्या लागते जी."

तुझाच,
रूम नंबर १४