नाही म्हणायचं तर आधी म्हण

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज आणि हॉटेलातली नोकरी, दोन्ही करून काल रात्री फोनवर बोलता बोलता तू झोपलीस. "आई, उद्या केस स्टडी..." एवढंच म्हणालीस आणि पुढे नुसता तुझा श्वास ऐकू येत राहिला. मी लगेच फोन ठेवला नाही, बराच वेळ तशीच बसून होते. सकाळी फोनवरच बोलले असते, पण घाईत तू सगळ्यालाच हो म्हणतेस. म्हणून हे पत्र.

मागच्या सुट्टीत आलीस तेव्हा तुझी वही चाळली, रागावू नकोस. त्यात केओटीचा, म्हणजे स्वयंपाकघरात ऑर्डर द्यायच्या चिठ्ठीचा, एक चुरगळलेला कागद होता. एका बाजूला टेबल नंबर, मागे तुझ्या अक्षरात रेव्हपारचं, म्हणजे दर उपलब्ध खोलीमागच्या उत्पन्नाचं सूत्र: खोलीचा सरासरी दर गुणिले ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण. दोन ऑर्डरींच्या मधल्या वेळात तू ते पाठ करत होतीस. मला भरून आलं गं. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बुफेवर थर्मामीटर घेऊन उभं राहणं वेगळं. ते दुसरं तुला आत्ताच मिळतंय. त्यामुळे नोकरी सोड, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मी तुझ्या टाचाही पाहिल्या. बूट काढलेस तर मोजा जखमेला चिकटलेला. तू तो ओढून काढलास आणि म्हणालीस, "काही नाही गं, सवय होते." त्या आठवड्यात तू लागोपाठ तीन क्लोजिंग, म्हणजे रात्री सगळं आवरून बंद करायच्या शिफ्ट, केली होतीस, त्यातली दोन तुझी नव्हतीच. कुणीतरी आलं नाही, सुपरवायझरनं विचारलं, तू हो म्हणालीस. आणि कॉलेजचा अंतर्गत परीक्षेचा पेपर हुकला.

रोस्टर, म्हणजे कुणाची शिफ्ट कधी त्याचा तक्ता, आधीच लागतो, हे तूच मला सांगितलंस. मग परीक्षेच्या आणि सबमिशनच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी सुपरवायझरना लेखी दे. तोंडी नको, गर्दीच्या वेळी तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहणार? तीन आठवडे आधी सांगितलंस तर ते दुसरं माणूस लावू शकतात. शिफ्टच्या दोन तास आधी सांगितलंस तर त्यांची पळापळ होते, आणि ती होऊ नये म्हणून तू पेपर सोडतेस. सर्व्हिस सुरू व्हायच्या आत मीझ आँ प्लास झालंच पाहिजे, सगळं जागच्या जागी हवं, याबद्दल तू किती काटेकोर आहेस! अभ्यासाच्या बाबतीत मात्र पाहुणे दारात आल्यावर ग्लास पुसायला घेतेस.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत तू प्रसिद्ध हॉटेलवाल्या सीझर रिट्झचा फोटो चिकटवला आहेस. शिकाऊ असताना मालकानं त्याला या धंद्यासाठी नालायक ठरवून काढलं आणि 1898 साली त्यानं पॅरिसमध्ये रिट्झ हॉटेल उघडलं, ही गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस. पुढचं मी वाचलं. 1902 साली लंडनमध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या मेजवान्यांची तयारी त्यानं महिनोन्‌महिने केली होती. दोन दिवस उरले असताना राजा आजारी पडला आणि समारंभ पुढे ढकलला गेला. रिट्झ त्या धक्क्यानं कोसळला, तो पुन्हा नीट उभा राहिला नाही. तेव्हा तो जेमतेम बावन्न वर्षांचा होता. तू त्याचा फोटो जरूर ठेव, पण हेही लक्षात असू दे.

आज रात्री न विकलेली खोली उद्या विकता येत नाही, ती रात्र गेली ती गेलीच, असं तुमच्या वर्गात शिकवतात ना? झोपेचंही मला तसंच वाटतं. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. सकाळचं पहिलं लेक्चर असेल, तर आदल्या रात्रीचं क्लोजिंग घेऊ नकोस. एवढा एकच नियम पाळ. बाकीचं तू सांभाळशील, माझा विश्वास आहे.

रविवारी नवा रोस्टर लागला की फोटो पाठव. मी तो तुझ्या परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लावेन, दोन्ही मिळून बघू. टाचांना रोज पट्टी लाव आणि मोज्यांचा जास्तीचा जोड बॅगेत ठेव.

आणि बोलताना झोप आली तर खुशाल झोप. फोन मी ठेवेन.

तुझी,
आई