चर्चचे वाढीव बांधकाम: आधी हिशेब, मग आराखडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उपासनेला येणाऱ्यांची संख्या वाढली, मागे उभे राहणारे दारापर्यंत आले आणि मुलांच्या रविवारच्या वर्गाला जागा उरली नाही, की कोणत्याही मंडळीत चर्चची इमारत वाढवण्याचा विषय निघतो. तो आनंदाचा विषय आहे, यात शंका नाही. मात्र त्याची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाकडून होते, असे माझे निरीक्षण आहे. आधी नियोजित इमारतीचे रंगीत चित्र प्रवेशद्वारापाशी लागते, मग वेदीवरून आवाहन होते, पावत्या फाटू लागतात. आणि जमलेला पैसा कोण मोजणार, कोणाच्या सहीने निघणार व काम अर्ध्यावर अडले तर त्याचे काय होणार, हे प्रश्न सर्वांत शेवटी, तेही कोणी नाराज झाल्यावर, विचारले जातात. काही वर्षे एका मंडळीचे खजिनदारपद सांभाळले असल्यामुळे याविषयी चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पहिला प्रश्न गरजेचा आहे. जागा अपुरी आहे म्हणजे नवी इमारत हवीच, असे नाही. आज माहीत असलेल्या अतिप्राचीन चर्चपैकी एक सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडले. ते मुळात एक राहते घर होते, इ.स. २४० च्या सुमारास त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून उपासनेसाठी मोठी खोली करण्यात आली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बसवण्यात आले. त्या लहान मंडळीने गरज ओळखून आहे त्याच वास्तूतून वाट काढली. आजही एकाऐवजी दोन उपासना घेता येतील का, आतली मांडणी बदलून भागेल का, गर्दी वर्षभर असते की फक्त सणांना, हे नोंदी ठेवून तपासल्याशिवाय निधीचे आवाहन करू नये. हाताशी उपस्थितीच्या नोंदी असल्या, तर देणाऱ्यालाही आपण कशासाठी देत आहोत हे कळते.

पैशाच्या व्यवस्थेबाबत बायबलमधला राजा योवाशचा प्रसंग (२ राजे, अध्याय १२) प्रत्येक बांधकाम समितीने एकत्र बसून वाचावा, असे मी सुचवीन. मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजकांनी, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांनी, स्वतःकडे घ्यावा आणि पडझड दुरुस्त करावी, अशी राजाची आज्ञा होती; तरीही त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नाही. याजकांनी पैसा खाल्ला, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. पैसा येत होता, रोजच्या गरजाही होत्या, आणि वेगळी पेटी नव्हती, एवढेच आपल्याला दिसते. मग याजकांनी लोकांकडून पैसे घेणे बंद केले. यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन पैसा मोजत, थैल्यांत बांधत आणि काम पाहणाऱ्यांच्या हाती देत. ते सुतार, गवंडी व पाथरवटांना मजुरी देत आणि लाकूड व घडीव दगड विकत घेत. त्या पैशातून चांदीची पात्रे मात्र केली नाहीत, हेही तिथे मुद्दाम नोंदवलेले आहे. वेगळी पेटी, मोजणारे दोन वेगळ्या ठिकाणचे हात आणि ठरल्या कामाखेरीज खर्च नाही, ही आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकाला मान्य होईल अशी पद्धत आहे.

याच अध्यायात, मजुरी वाटणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत, असेही वाक्य आहे, आणि हिशेब टाळू पाहणारे नेमके तेवढेच वाक्य पुढे करतात. पण आत येणारा पैसा दोघांच्या डोळ्यांदेखत मोजला गेला होता आणि काम सर्वांना दिसत होते, हे ते सांगत नाहीत. प्रेषित पौलाने तर करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत आपल्याला कोणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू सोबत पाठवला आहे, असे स्पष्ट केले आहे. ते दान गरजूंसाठी होते, इमारतीसाठी नव्हते, हा फरक मान्य. पण प्रेषिताला स्वतःवर देखरेख ठेवून घेण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्या पाळकांना व विश्वस्तांना का वाटावा?

म्हणून बांधकाम निधीचे बँक खाते स्वतंत्र असावे, पाळक सही करणाऱ्यांत नसावेत, आणि दर महिन्याला जमा, खर्च व शिल्लक सूचनाफलकावर लागावी. पाळकांना यातून वगळण्यात अविश्वास नाही. उलट पैशाचा संशय उपदेशावर पडू नये, यासाठीचे ते संरक्षण आहे.

निधी मागण्याच्या पद्धतीबद्दल इतिहासाने एक मोठा धडा दिलेला आहे. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचे बांधकाम १५०६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी पोप दहावे लिओ यांनी १५१५ मध्ये पापदंडमाफीच्या, म्हणजे पैसे देणाऱ्याला पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या, पत्रांना मंजुरी दिली, आणि त्या विक्रीच्या विरोधातून १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांचे पंचाण्णव मुद्दे पुढे आले. इमारत १६२६ मध्ये प्रतिष्ठित झाली, पण तोवर पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाची कायमची फाळणी झाली होती. त्यामागे इतर कारणेही होती, हे खरे. तरीही देणगीच्या बदल्यात आशीर्वादाचे, आरोग्याचे किंवा भरभराटीचे आश्वासन देणाऱ्या आजच्या आवाहनांकडे पाहिले की हाच जुना व्यवहार नव्या भाषेत चालला आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने वाचून दाखवण्याची पद्धतही मला खटकते. दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान सर्वांत मोठे ठरवणाऱ्या प्रभूच्या घरात तिचे नाव यादीच्या तळाशी यावे, हे बरे दिसत नाही. ठरावीक रक्कम प्रत्येक कुटुंबावर बसवणे तर त्याहून वाईट. ज्यांना ती झेपत नाही ते तक्रार करत नाहीत, ते उपासनेला येणेच हळूहळू बंद करतात.

यावर, नाव लावल्याशिवाय मोठी देणगी मिळत नाही, असे व्यवहारी उत्तर मला अनेकदा ऐकावे लागले आहे. त्यात तथ्य असेलही. मग इमारत थोडी लहान बांधावी.

कर्जाबाबत तर मी अधिकच सावध आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या एका उघड्या चित्रपटगृहात (ड्राइव्ह-इन) १९५५ मध्ये सुरू झालेल्या उपासनेतून पुढे १९८० मध्ये क्रिस्टल कॅथीड्रल ही दहा हजारांहून अधिक काचांची भव्य वास्तू उभी राहिली. पुढे कर्जाचा बोजा आणि घटत्या देणग्या यांमुळे त्या संस्थेने २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. इमारत ५ कोटी ७५ लाख डॉलरला तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताला विकली गेली आणि मूळ मंडळीला ती सोडावी लागली. वाढती उपस्थिती कायम वाढतच राहील, असे धरून कर्जाचे हप्ते ठरवले की असे होऊ शकते. याउलट बार्सिलोनातील साग्रादा फामिलिया हे १८८२ मध्ये सुरू झालेले चर्च प्रामुख्याने देणग्यांवर, आणि पुढे प्रवेशशुल्कावर, जसजसा पैसा येईल तसतसे वाढत गेले. २०१० मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली तेव्हाही बांधकाम चालूच होते. इतका काळ थांबण्याची वेळ कोणावर येऊ नये. पण आधी पाया आणि एक सभागृह, मग वर्ग, मग मनोरा, अशा टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्प्याचा निधी हाती आल्यावरच काम काढणे कोणत्याही मंडळीला शक्य आहे. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या अंदाजात वीज, साफसफाई, विमा आणि दुरुस्ती हे बांधकामानंतरचे दरवर्षीचे खर्चही धरले पाहिजेत. तोंडी दिलेली वचने हातातली रक्कम म्हणून धरू नयेत.

शेवटचा मुद्दा निधी जास्त झाला किंवा बेत रद्द झाला तर काय, हा आहे, आणि तो आवाहनाच्या पत्रकातच छापलेला असावा. मोशेच्या काळात निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, लोकांनी इतके आणून दिले की, कामाला लागते त्यापेक्षा जास्त झाले, असे कारागिरांनी सांगितले आणि मोशेने आणखी आणू नका असे फर्मान काढले. तसेच ठरलेली रक्कम पुरी होताच आवाहन जाहीरपणे बंद करावे, आणि बेत बारगळला तर ज्याने दिले त्याला परत हवे आहे की दुसऱ्या कामासाठी चालेल, हे त्यालाच लेखी विचारावे.

आपली,
एक वाचक