फाइल सापडली नाही म्हणून दूध शून्य धरू नका

महोदय,

कोल्हापुरात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांना फाइल उघडायला शिकवले जाते. ती जागेवर नसेल तर काय करायचे, हे मात्र बहुतेकदा राहून जाते. समजा, दूध संस्थेच्या सकाळच्या संकलनाची फाइल मिळाली नाही. एरर आल्यास काय करायचे ते सांगणाऱ्या ‘एक्सेप्ट’खाली नुसते ‘पास’ (काही करू नको) लिहिलेले असेल, तर प्रोग्राम गुपचूप पुढे जातो आणि उत्पादकाच्या खात्यावर शून्य लिटर पडते. हे फार वाईट. तिथे फक्त ‘फाइलनॉटफाउंडएरर’ (फाइल न सापडल्याची एरर) पकडावा, फाइलचा पूर्ण पाथ (पत्ता) पडद्यावर दाखवावा आणि काम थांबवावे. परवानगी नसल्याची एरर वेगळी, ती यात मिसळू नये.

फाइल आहे का, हे आधी ‘एक्झिस्ट्स’ने तपासून मग उघडणेही पुरेसे नाही, त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणात फाइल हलू शकते. थेट ‘ट्राय’मध्येच, म्हणजे ‘एक्सेप्ट’च्या आधीच्या भागात, उघडावी.

फाइल समोर दिसत असूनही ‘एररनंबर २’ (फाइल नसल्याचा संदेश) येतो, तेव्हा कारण बहुधा साधे असते. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा शेवटचा भाग, लपवते, त्यामुळे ‘दूध.टीएक्सटी’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘दूध.टीएक्सटी.टीएक्सटी’ असते. नाहीतर प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून सुरू झालेला असतो, चालू फोल्डर सांगणारे ‘ओएस.गेटसीडब्ल्यूडी’ प्रिंट केले की लगेच कळते. प्रात्यक्षिकाच्या वेळी शिक्षकांनी एखादी फाइल मुद्दाम हलवून ठेवावी, ही विनंती.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर