सुलू, समरकंदला चार रात्री लागतीलच

सोलापूर
2 फेब्रुवारी

प्रिय सुलू,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच "बरं, मग?" म्हणतेस, आणि हे प्रकरण "बरं, मग"मध्ये मावणारं नाही.

निखिल संक्रांतीला आला होता. नंदीध्वजांची मिरवणूक बघून घरी आलो, पायांची पार वाट लागलेली, आणि त्यानं यांच्या हातात एक रंगीत कागद ठेवला. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणे. उझबेकिस्तानची सहल! पैसे भरून मोकळा झाला होता. मी तो कागद वाचला आणि मला रडूच आलं. पोराला वाटलं, आईला आनंद झाला. सूनबाईंनी फोटोही काढला. तो कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतोय, तुझ्यापर्यंत आला असेलच.

आता खरं ऐक. सात दिवस, पाच गावं, वर कझाकस्तानातलं आल्माटी. सकाळी सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. समरकंदला पोचायचं आणि त्याच संध्याकाळी बुखाऱ्याकडे निघायचं. रेगिस्तान चौक: पंचेचाळीस मिनिटं. दुपारी मात्र भारतीय जेवणासाठी दीड तास राखून ठेवलाय. म्हणजे पनीरला रेगिस्तानच्या दुप्पट वेळ.

जोशीबाईंची शिट्टी आठवली बघ. बीदरच्या सहलीत बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशापुढे आपल्याला किती वेळ मिळाला होता? तो एकच मिनार उभा, त्यावर निळ्या-हिरव्या फरश्यांची नागमोडी लहर, आणि मी ती वहीत उतरवायला बसले. तेवढ्यात शिट्टी, आणि तू माझी वेणी धरून ओढलीस. (बाही नव्हे, वेणीच. तू काहीही सांग.) गुलबर्गा येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नव्हते. पाटील सरांनी सांगितलेलं तेव्हा कानामागे टाकलं होतं, की गवान कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा, त्यानं 1472 साली तिकडच्या धर्तीचा मदरसा इथे आपल्या काळ्या मातीत उभा केला, आणि 1696 साली दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला. उडालेला भाग बघायचा तर समरकंदला जा, असं सर हसत हसत म्हणाले होते. तू म्हणालीस, "जाऊ की, त्यात काय!" मी ते तेव्हाच खरं धरलं होतं. म्हणून हे पत्र तुला. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर म्हणेल, फुकटची सहल मिळतेय, तरी नखरे.

तुला अण्णा आठवतात ना, दिवाणखान्यात चादरीच्या नक्षीचा ग्राफ घेऊन बसलेले? लाल पेन्सिल, एकेक चौकोन भरायचा. भरला तो धागा वर, कोरा तो खाली. मग त्यावरून पत्ते पंच व्हायचे, ते ओवून मागावरच्या जकार्डवर चढायचे, आणि आठवड्यानं कुणाच्या तरी चादरीवर मोर नाचायचा. मी शेजारी बसले की म्हणायचे, "फुलं बघू नकोस. रिपीट कुठनं सुरू होतं ते शोध." चादरीत ते, तीच नक्षी पुन्हा सुरू होण्याचं ठिकाण, पटकन सापडतं. समरकंदच्या भिंतींचे फोटो मी भिंगातून बघते, आणि दहा टोकांच्या चांदण्यांत मला ते सापडतच नाही. एका भिंतीपुढे घडीची खुर्ची टाकून अर्धा दिवस बसायचंय मला, ग्राफवही घेऊन. एवढंच. पंचेचाळीस मिनिटांत काय होणार? पेन्सिलीला टोक काढून होईल.

म्हणून मी माझा कार्यक्रम केलाय. हसू नकोस. मुंबई ते ताश्कंद विमान, तिथे दोन रात्री. शास्त्रीजी 11 जानेवारी 1966 ला तिथे वारले, त्यांचा पुतळा आहे, तिथे जायचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपानं गावाचा मोठा भाग पडला, म्हणून रुंद रस्ते आणि रशियन थाटाच्या इमारतीच जास्त दिसतात. त्यामुळे दोन रात्री पुष्कळ. मग अफरोसियाब नावाची जलद गाडी, दोन-अडीच तासांत समरकंद. तिथे चार रात्री. रेगिस्तानचे तीनही मदरसे एका चौकात असले तरी ते एका दिवसाचे नाहीत. उलुगबेग राजाचा 1420 चा, समोरचा शेरदोर त्याच्या दोनशे वर्षांनंतरचा, आणि तिल्लाकारी त्याच्याही नंतरचा. शेरदोरच्या कमानीवर वाघासारखे दोन सिंह आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर माणसाच्या तोंडाचा सूर्य! सकाळी एक बाजू उजळणार, संध्याकाळी दुसरी. शाही जिंदाची थडग्यांची गल्ली एका सकाळी. बीबी खानुमची मशीद दुसऱ्या दिवशी; तैमूरनं दिल्ली लुटून परतल्यावर 1399 साली ती बांधायला घेतली, आणि दगड ओढायला हत्ती आपल्याकडचे नेलेले.

तुझ्यासाठी उलुगबेगची वेधशाळा ठेवलीय, गणितवाल्या बाई. राजा असून हा माणूस रात्री तारे मोजायचा. 1437 च्या त्याच्या यादीत हजारावर तारे आहेत. पुढे पोटच्या पोरानंच त्याला मारवलं. (हे निखिलला सांगू नकोस, त्याला वाटेल मी त्याच्यावरच घसरले.) वेधशाळा पाडली गेली, आणि तारे मोजायच्या, जमिनीत खोदलेल्या मोठ्या कंसाचा तुकडा 1908 साली सापडला. तेवढाच उरलाय. तुला तिथून कुणी शिट्टी मारून उठवलेलं चालेल का?

बुखाऱ्याला चार रात्री. इस्माईल सामानी या राजाची कबर दहाव्या शतकातली, रंगाचा ठिपका नाही, नुसत्या विटा, पण त्या अशा आडव्या-उभ्या लावल्यात की सगळी इमारत बुरडानं विणून ठेवलेल्या टोपलीसारखी दिसते. अण्णांना ती दाखवायला हवी होती. कल्यान मिनार 1127 चा. आणि लब-ए-हौज या तळ्याकाठी तुतीच्या जुन्या झाडांखाली चहा पीत नुसतं बसायचं. ह्यांना हे "नुसतं बसायचं" झेपत नाही. परवा विचारत होते, "नुसतं म्हणजे किती वाजेपर्यंत?"

आणि खिवा सोडायचं. ओरडू नकोस. मलाही ती मातीच्या तटाआतली वस्ती बघायचीय, पण बुखाऱ्याहून वाळवंटातून आगगाडीचे सहा-सात तास, आणि तेवढंच परत. त्याऐवजी मला पूर्वेला फरगाण्यात जायचंय, मर्गिलानला. तिथे अजून हातमागावर रेशमी इकत विणतात. विणण्याआधीच ताण्याचे धागे बांधून रंगवायचे, म्हणजे नक्षी कडांना पसरते, ढगासारखी. शेजारच्या पद्मशाली काकूंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या पोचमपल्लीचं!" मग तासभर त्यांच्या माहेरच्या साड्या बाहेर निघाल्या. सोलापुरातून जाऊन माग बघितला नाही तर गेलो कशाला? ह्यांचं मत वेगळं. ते म्हणतात, धोट्याचा खडखडाट ऐकायला विमानाचं तिकीट कशाला, साखर पेठेतून चक्कर मार.

आता खरी अडचण. निखिलला सांगायचं कसं? मी त्या सहलवाल्यांना गुपचूप फोन केला. तारीख बदलता येईल, कार्यक्रम नाही, पैसे परत नाहीत. मुलगी गोड बोलत होती, "आंटी, सगळं कव्हर होतं." मी ह्यांना म्हटलं, आपण सांगू या. हे म्हणाले, "तू सांग, मी मागे उभा राहतो." चाळीस वर्षं मागेच उभे आहेत. मग मनात येतं, जावं की त्याच सहलीला, पोरानं प्रेमानं दिलंय. त्यानं पहिल्या पगारात आणलेली साडी मी पिवळीजर्द असून नेसलेच ना? पण साडी कपाटात ठेवता येते गं. तिथे पुन्हा जाणं ह्या वयात होईल असं मला वाटत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच चालतं. निखिल दुखावणार. त्याहून वाईट म्हणजे तो समजूतदारपणे "ठीक आहे आई" म्हणणार आणि मग दिवाळीपर्यंत ते "ठीक आहे" घरात फिरणार.

म्हणून माझी विनंती. तो तुझं ऐकतो. दहावीला चित्रकला सोडू नकोस हे मी सांगून थकले, सुलूमावशीनं एकदा सांगितलं आणि पटलं. तू त्याला फोन कर. माझ्याकडून आलंय असं दाखवू नकोस. बीदरची गोष्ट सांग, वेणीसकट. मग म्हण की ती सहल त्यानं आणि सूनबाईंनी करावी. तरुण माणसांना सहाला उठवलं तरी चालतं. आम्ही आमच्या पैशांनी जाऊ. हिशेब केलाय; छोट्या घरगुती हॉटेलांत उतरलो आणि आगगाडीनं फिरलो तर झेपेल.

आणि तू येतेस. हे विचारत नाहीये. एप्रिलचा दुसरा आठवडा, तिकडे हवा सोसण्यासारखी, इकडे आपण भाजत असू. तुझ्या सूनबाईंची बाळंतपणाची तारीख जूनची म्हणालीस ना? त्याआधी महिनाभर परत येऊ. ती बरी आहे ना? उलट्या थांबल्या का? आणि तुझा तो नाशिकचा गळका फ्लॅट विकला गेला की नाही? माझी साखर आटोक्यात, गुडघा दुखतो तितकाच दुखतो.

जेवणाची काळजी नको. समरकंदची नान जाडजूड, चकचकीत, मध्ये ठशानं टोचलेली, आणि बरेच दिवस टिकते म्हणतात. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी घेतेच. मग बघू कोण जास्त टिकतं.

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, ते मी बघते. तुझ्या पासपोर्टची मुदत आज कपाट उघडून बघ. संपत आली असेल तर उद्याच अर्ज कर आणि मला नुसतं "केला" एवढं पाठव. निखिल रविवारी दुपारी घरी असतो. तेव्हाच फोन कर, सकाळी तो कुणाचंच ऐकत नाही.

तुझी,
मंदा

ता. क. खिवावर भांडायचं असेल तर पत्रानं भांड. फोनवर तू जिंकतेस.